ऐन लढाईत ऑर्डर द्यायची वेळच येऊ नये, म्हणून नेल्सन आधी कॅप्टनांना जेवायला बोलवायचा

फेब्रुवारी १७७५. हैदर अलीच्या दोन गलबतांनी सीहॉर्स नावाच्या इंग्रज जहाजावर हल्ला केला. थोडा वेळ तोफा चालल्या आणि गलबतं मागे फिरली. सीहॉर्सवर १६ वर्षांचा एक पोरगा होता, त्याने पाहिलेली ही पहिली लढाई. पुढे वर्षभर तो व्यापारी जहाजांना संरक्षण देत हिंदी महासागरात फिरला आणि मग मलेरियाने असा आडवा झाला की मार्च १७७६ मध्ये त्याला इंग्लंडला परत धाडावं लागलं.

हा पोरगा म्हणजे होरेशिओ नेल्सन. जन्म १७५८ चा, वडील पाद्री. नौदलात शिरला तो १२ व्या वर्षी, तोही सख्ख्या मामाच्या वशिल्याने. मामा कॅप्टन होता. पण पोरगं कामाचं निघालं आणि २० व्या वर्षी स्वतःच कॅप्टन झालं.

पुढे लढाईत त्याची एका डोळ्याची नजर गेली, उजवा हात गेला, हे किस्से तुम्ही कुठेतरी वाचले असतील. त्याहून भारी गोष्ट म्हणजे हा माणूस हाताखालच्या कॅप्टनांकडून काम कसं करून घ्यायचा.

त्यासाठी आधी त्या काळची अडचण समजून घ्या. वायरलेस नव्हता. अॅडमिरलचा हुकूम जायचा तो डोलकाठीवर चढवलेल्या रंगीत झेंड्यांतून. पण एकदा तोफा सुरू झाल्या की धूर इतका व्हायचा की शेजारचं जहाज दिसायची मारामार. यावर नौदलाने काढलेला तोडगा साधा होता. सगळी जहाजं एका रांगेत ठेवायची आणि हुकमाशिवाय कुणी रांग सोडायची नाही.

या नियमाची दहशत किती होती बघा. १७४४ साली तुलोंच्या लढाईत मॅथ्यूज नावाचा अॅडमिरल रांग मोडून शत्रूवर गेला. त्याचा दुय्यम अधिकारी लेस्टॉक रांगेचं कारण सांगून लांबच राहिला. कोर्ट मार्शल झालं तेव्हा लढणारा बडतर्फ झाला आणि लांब राहणारा निर्दोष सुटला. साहजिकच कॅप्टन मंडळींनी योग्य तो धडा घेतला. डोकं चालवायचं नाही!

नेल्सनने मात्र चालवलं. १४ फेब्रुवारी १७९७ ला केप सेंट व्हिन्सेंटजवळ स्पॅनिश जहाजं निसटतायत असं दिसल्यावर त्याने हुकमाची वाट न बघता रांग सोडली, आडवा गेला आणि दोन जहाजं ताब्यात घेतली. त्याचा बॉस जर्व्हिस कडक शिस्तीचा, पण त्याने शिक्षा करायची सोडून नेल्सनला मिठी मारली.

पुढच्याच वर्षी नेल्सन स्वतः बॉस होता. फ्रेंच आरमार शोधत भूमध्य समुद्र पालथा घालताना तो कॅप्टनांना पुन्हा पुन्हा आपल्या जहाजावर बोलवायचा. शत्रू उभा सापडला तर काय, पळताना सापडला तर काय, यावर चर्चा चालायच्या. १ ऑगस्ट १७९८ च्या संध्याकाळी अबुकीरच्या खाडीत फ्रेंच जहाजं नांगर टाकून उभी दिसली. सगळ्यात पुढे असलेल्या गोलायथच्या कॅप्टन फोलीच्या लक्षात आलं की फ्रेंच रांग आणि किनारा यांच्यामध्ये जहाज जाईल एवढी जागा आहे. तसा हुकूम त्याला कुणी दिला नव्हता. तो घुसला, त्याच्यामागे आणखी चार जहाजं घुसली. त्या बाजूच्या फ्रेंच तोफा तयारच नव्हत्या. फ्रेंचांच्या १३ मोठ्या जहाजांपैकी ११ जळाली किंवा पकडली गेली.

इथे एक गैरसमज होतो. नेल्सनने माणसांना मोकळं सोडलं आणि ती जिंकली, असं सांगितलं जातं. पण नुसतं मोकळं सोडलं असतं तर धुरात २७ जहाजांनी २७ दिशा धरल्या असत्या. तो आधी भरपूर बोलायचा, म्हणून नंतर गप्प बसू शकायचा. हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते १८०५ साली.

त्या वर्षी २८ सप्टेंबरला तो काडिझसमोरच्या आरमारात दाखल झाला. यातल्या बऱ्याच कॅप्टनांनी त्याच्या हाताखाली कधी काम केलेलं नव्हतं, म्हणजे टीम जवळपास नवीनच. दुसऱ्या दिवशी त्याचा ४७ वा वाढदिवस होता. मग दोन दिवस कॅप्टनांना जेवायला बोलावून त्याने टेबलावरच सगळा बेत समजावला. ९ ऑक्टोबरला तोच लिहून प्रत्येकाला पाठवला.

त्यात ठाम काय होतं? शत्रूच्या रांगेला समांतर उभं राहायचं नाही, तुकड्या करून ती आडवी कापायची. मधला आणि मागचा भाग चेपायचा, कारण पुढच्या जहाजांना वळून यायला वेळ लागणार. मोकळं काय होतं? नंबर दोन कॉलिंगवूडने आपली तुकडी पूर्णपणे स्वतःच्या अकलेने चालवायची. आणि झेंडे दिसेनासे झाले तर कॅप्टनने आपलं जहाज शत्रूच्या जहाजाला भिडवावं, तो फार चुकणार नाही, एवढं आश्वासन. मॅथ्यूजचं काय झालं हे माहीत असलेल्या माणसांना हे लेखी मिळणं छोटी गोष्ट नव्हती.

२१ ऑक्टोबरला ट्रॅफल्गारजवळ २७ विरुद्ध ३३ असा सामना झाला. सकाळी नेल्सन झेंड्यांवर झेंडे चढवायला लागला तेव्हा कॉलिंगवूड वैतागला म्हणे, काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक असताना हे कशाला म्हणून. आणखी जवळ जाऊन भिडा, हा शेवटचा इशारा चढला आणि त्यानंतर आरमाराला नवा हुकूम लागलाच नाही.

गंमत म्हणजे फ्रेंच अॅडमिरल व्हिलनव्हने नेल्सन काय करणार हे आधीच ओळखून आपल्या कॅप्टनांना सांगितलं होतं. पण स्वतःहून हलायची सवय त्याच्या आरमाराला नव्हती. त्याच्या पुढच्या तुकडीचा प्रमुख द्युमान्वार मागे तोफा धडधडत असताना बराच वेळ पुढेच जात राहिला.

दुपारी सव्वाच्या सुमारास नेल्सनला गोळी लागली, साडेचारला तो गेला. बऱ्याच जहाजांना लढाई संपेपर्यंत याचा पत्ता नव्हता, आणि त्यामुळे काही अडलंही नाही. शत्रूची १७ जहाजं पकडली गेली, एक जळालं. इंग्रजांचं एकही गेलं नाही.

एक हुकूम मात्र राहून गेला. वादळ येणार हे ओळखून लढाईनंतर नांगर टाकायची तयारी ठेवा, असा इशारा नेल्सनने सकाळीच दिला होता. मरतानाही तो तेच सांगत होता. आता सूत्रं कॉलिंगवूडकडे होती आणि त्याने सरसकट नांगर टाकायला लावले नाहीत. वादळ आलंच. पकडलेल्या जहाजांपैकी जेमतेम ४ जिब्राल्टरला पोहोचली. कॉलिंगवूड चुकला का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. त्याच्या बाजूने एवढंच सांगता येतं की अनेक जहाजांचे नांगर आणि दोर तोफांनी तोडले होते आणि तळमजल्यावर पडलेल्या नेल्सनला ते दिसत नव्हतं.