लोखंडी नांगर विकायला दोन वर्षं लागली

आपल्या नांदेड-लातूरकडच्या काळ्या रानात नांगराचं मोल कुणाला सांगावं लागत नाही. पण लोखंडी नांगर आपल्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा तो फुकट म्हटला तरी लोक घेईनात, हे किती जणांना ठाऊक आहे?

इंग्लंडात रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ साली आपोआप धार राहणाऱ्या ओतीव फाळाचं पेटंट घेतलं. आपल्याकडे मात्र त्यानंतर शंभर वर्षं लाकडी नांगरच चालला. तो जमीन उकरतो, माती पालथी करीत नाही.

हे चित्र बदललं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण काही रंगच नीट ओळखू येईनात. मग यंत्रांची चित्रं काढायला शिकले आणि मुंबईतच तांत्रिक शाळेत शिक्षक झाले. नोकरीत डावललं गेलं, तेव्हा राजीनामा देऊन बेळगावला भावाबरोबर सायकलचं दुकान चालवू लागले. तिथंच कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर केला.

नांगर तयार, पण गिऱ्हाईक कुठाय? लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी लोकांची समजूत. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. लक्ष्मणराव हटले नाहीत.

पुढं बेळगावची जागाही सोडावी लागली. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळ ३२ एकर माळ दिला. निवडुंग तोडून तिथं कारखाना उभा राहिला, तीच किर्लोस्करवाडी. उसाचे चरक, शेंगा फोडायचं यंत्र, १९२६ साली पाण्याचा पंप, असं एकेक तिथून निघालं. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले.

आज गावात सोयाबीनसाठी रुंद वरंबा सरीचं पेरणीयंत्र दाखवायला गेलो, की हाच अनुभव येतो. जास्तीचं पाणी सरीतून निघतं, उघडीप पडली तर वरंब्यात ओल टिकते, हे सांगून पटत नाही. लोकांचंही चुकत नाही. हंगाम गेला तर नुकसान त्यांचंच. म्हणून सरपंचांनी पुढाकार घेऊन यंदा एकाच्या रानात एक एकर तरी पेरून बघावं. शेजारी जुनी पेरणी ठेवावी. काढणीला वजनकाटाच काय ते सांगेल.