प्लास्टरच्या आतली फ्रिदा

टोट बॅगवर, मोबाइल कव्हरवर, कॅफेच्या भिंतीवर ती असतेच. जोडलेल्या भुवया, केसांत फुलं. फ्रिदा काहलोचा चेहरा आपण इतक्यांदा पाहिलाय की त्याखाली एक शरीरही होतं, हे विसरायला होतं.

मेक्सिको सिटीजवळच्या कोयोआकानमध्ये 1907 साली तिचा जन्म. सहाव्या वर्षी पोलिओ झाला, उजवा पाय बारीकच राहिला. तिला डॉक्टर व्हायचं होतं. 17 सप्टेंबर 1925 ला ती मित्रासोबत घरी परतत होती आणि त्यांच्या बसला ट्रामने धडक दिली. लोखंडी दांडा तिच्या ओटीपोटातून आरपार गेला. मणका तीन ठिकाणी मोडला, उजव्या पायाला 11 फ्रॅक्चर. कुणाकडची तरी सोनेरी भुकटीची पुडी फुटून तिच्या रक्ताळलेल्या अंगावर पसरली होती, असं त्या मित्राने नंतर सांगितलं. वय 18.

मग नुसता पलंग. आईने झोपून चित्र काढता येईल असं ईझल करून घेतलं, वर आरसा लावला. रंग वडिलांचे. आरशात दिसायची ती एकच मॉडेल. पुढे तिने इतकी सेल्फ-पोर्ट्रेट्स का काढली, याचं एक साधंसं कारण हे.

दिएगो रिव्हेराशी लग्न, घटस्फोट, पुन्हा त्याच्याशीच लग्न, यावर सिनेमा आहे, तो बघा. मला बोलायचंय तिच्या कॉर्सेटबद्दल. मोडका कणा ताठ राहावा म्हणून ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या धडाभोवती गुंडाळायच्या, सुकू द्यायच्या आणि मग त्या कवचातच राहायचं. हात मोडला की मित्र प्लास्टरवर नावं लिहितात ना? फ्रिदाने स्वतःचं प्लास्टर स्वतःच रंगवलं. कशावर कोयता-हातोडा, कशावर तडा गेलेला खांब, एकावर पोटातलं बाळ. 1932 मध्ये डेट्रॉइटला तिचा गर्भपात झाला होता, हे माहीत असलं की त्या बाळाकडे नुसतं डिझाइन म्हणून बघता येत नाही. हॉस्पिटलमध्ये रंगांना बंदी झाली तेव्हा तिने लिपस्टिक आणि आयोडीन वापरलं, असं तिच्या चरित्रात येतं. दवाखान्यातलं सामानच रंगपेटी!

1944 च्या ‘द ब्रोकन कॉलम’मध्ये तिने हे शरीर उघडूनच दाखवलं. गळ्यापासून खाली चिरलेलं धड, आत भेगाळलेला दगडी खांब, अंगभर खिळे. डोळ्यांत पाणी, चेहरा मात्र शांत.

1950 चं जवळजवळ अख्खं वर्ष हॉस्पिटलमध्ये गेलं. 1953 मध्ये मेक्सिकोत तिचं पहिलं सोलो प्रदर्शन भरलं. डॉक्टर उठू देईनात, तर तिने पलंगच गॅलरीत पाठवला आणि स्वतः अॅम्ब्युलन्समधून पोहोचली. हा किस्सा सगळे सांगतात. त्याच ऑगस्टमध्ये तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, तेव्हा ती पार खचली, हे कमी लोक सांगतात. तिला ‘पॉझिटिव्ह व्हाइब्स’च्या पोस्टरवर बसवणं मला म्हणूनच पटत नाही. कृत्रिम पायाला तिने भरतकाम केलेला, घुंगरू लावलेला लाल बूट करून घेतला, हेही खरं. दोन्ही एकाच बाईचं.

13 जुलै 1954 ला ती गेली, त्याच कोयोआकानच्या निळ्या घरात. तिच्या वस्तू तिथेच बंद करून ठेवल्या होत्या, त्या उघडल्या थेट 2004 मध्ये. कपडे, औषधं, तो लाल बूट. आणि कॉर्सेट, आत कुणी नसताना तिच्या धडाचा आकार तसाच धरून ठेवलेले.