चारमिनारच्या दारातलं एक अक्षर, सातवा निजाम आणि आजीच्या पेटीतला रुपया

जळकोट, उदगीर, मुखेड, कंधार. या पट्ट्यातल्या एखाद्या जुन्या घरात आजीची पेटी उघडली, की तळाशी कधीकधी एक जड रुपया सापडतो. एका बाजूला चारमिनार, दुसऱ्या बाजूला आपल्याला न वाचता येणारी फारसी अक्षरं. मग कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकतं आणि खाली थेट लाखांचे आकडे पडायला लागतात.

पण या रुपयाची किंमत काढायची असेल तर आधी चारमिनारच्या दारात बघावं लागतं. तिथं एक बारीक अक्षर आहे. ते अक्षर ज्याच्या नावाचं, तो माणूस म्हणजे मीर उस्मान अली खान, हैदराबादचा सातवा आणि शेवटचा निजाम.

राजा बदलला, अक्षर बदललं

उस्मान अलीचा जन्म १८८६ सालचा. त्याचे वडील मीर महबूब अली खान हे सहावे निजाम. त्यांच्या काळात हैदराबादच्या सैफाबाद भागात यंत्रांवर चालणारी टांकसाळ सुरू झाली आणि रुपयावर चारमिनार आला. त्या चारमिनारच्या दारात 'मीम' हे अक्षर असायचं. म महबूबचा.

२९ ऑगस्ट १९११ ला महबूब अली वारले आणि पंचविशीतला उस्मान अली गादीवर आला. नाणं जवळपास तेच राहिलं, दारातलं मीम मात्र गेलं. त्याच्या जागी 'ऐन' आलं, कारण फारसी लिपीत उस्मान हे नाव ऐनपासून सुरू होतं.

आता खरी गंमत. सुरुवातीच्या ठशांमध्ये दारात ऐनचं फक्त डोकं दिसतं, शेपटी नाही. पुढच्या ठशांमध्ये शेपटीसकट पूर्ण ऐन आहे. नाणी जमवणारे लोक हे दोन वेगळे प्रकार धरतात आणि त्यांची नोंदही वेगळी करतात.

सालाचाही हिशोब आहे. उस्मान अली गादीवर आला तेव्हा हिजरी १३२९ चालू होतं आणि ते डिसेंबर १९११ मध्ये संपलं. म्हणजे त्याच्या नावाचं अक्षर असलेला १३२९ चा रुपया पाडायला टांकसाळीकडे चार महिनेसुद्धा नव्हते.

या नाण्यावर हिजरी सालासोबत जुलूस वर्ष, म्हणजे गादीवर बसल्यापासूनचं कितवं वर्ष, हेही असतं. ते वर्ष हिजरी सालाच्या मधेच बदलतं. त्यामुळे एकाच हिजरी सालासोबत दोन वेगळी जुलूस वर्षं दिसली तर ती टांकसाळीची चूक नाही, तो साधा कॅलेंडरचा हिशोब आहे.

मग चूक कशाला म्हणायचं?

नाणं तयार होतं ते दोन ठशांच्या मधे धातूची चकती दाबून. ठशावरच अक्षर वेगळं कोरलेलं असेल, तर त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर ते तसंच येतं. हा झाला ठशाचा प्रकार. अर्धा ऐन आणि पूर्ण ऐन यातच मोडतात.

चकती सरकून छाप एका बाजूला गेली, एकावर एक दोनदा छाप पडली किंवा दुसऱ्याच नाण्याची चकती आत गेली, तर ती टांकसाळीची चूक. ती त्या एकट्या नाण्यापुरती असते. आणि वापरून झिजलेलं, ठोकलेलं किंवा माळेत ओवायला भोक पाडलेलं नाणं या दोन्हींत बसत नाही. ते फक्त खराब झालेलं नाणं.

हाली आणि कलदार

मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हे दोन शब्द असायचे. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा. निजामाचा रुपया साधारण ११.१८ ग्रॅमचा आणि त्यात चांदी ८१.८ टक्के. इंग्रजांचा रुपया वजनाने आणि चांदीने जास्त. म्हणून ६ कलदार रुपयांना ७ हाली मोजावे लागायचे. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई आली, तेव्हा १९१८ मध्ये निजामाने स्वतःच्या कागदी नोटाही काढल्या.

त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं. पुढे निजामसागर धरण झालं. फेब्रुवारी १९३७ मध्ये अमेरिकेच्या टाइम मासिकाने त्याला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापलं. त्याच्याकडे १८४ कॅरेटहून मोठा जेकब हिरा होता. तो म्हणे त्याला वडिलांच्या बुटात सापडला आणि तो हा हिरा कागदांवर वजन म्हणून ठेवायचा.

पण याच राज्यात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या लोकांचा कारभार उर्दूत चालायचा. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली, सत्याग्रही तुरुंगात गेले.

१९४७ ला देश स्वतंत्र झाला तरी निजाम भारतात सामील झाला नाही. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातुरात वकिली केलेला माणूस. त्या वर्षभरात मराठवाड्यातल्या गावांनी जे सोसलं, ते आजही घराघरांत सांगितलं जातं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा राज्यात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

त्यानंतर १९५० ते १९५६ तो हैदराबादचा राजप्रमुख होता. २४ फेब्रुवारी १९६७ ला तो वारला.

टांकसाळ मात्र चालूच राहिली

१९५० मध्ये भारत सरकारने निजामाची टांकसाळ ताब्यात घेतली. आज तुमच्या खिशातल्या एखाद्या नाण्यावर सालाखाली पाच टोकांची चांदणी दिसली, तर ते हैदराबादला पाडलेलं आहे. निजामाचं अक्षर गेलं, टांकसाळीची खूण राहिली.

तुमच्या पेटीत असा रुपया असेल तर

राख, चिंच, टूथपेस्ट, काहीही लावून घासू नका. वरचा जुना थर गेला की संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते.

आधी वजन करा. ते ११.१८ ग्रॅमपासून बरंच लांब असेल तर संशय घ्या. मग भिंगातून दार बघा, मीम आहे की ऐन, आणि ऐनला शेपटी आहे का. मग हिजरी साल आणि जुलूस वर्ष वाचून घ्या. हे वाचता येणारं माणूस गावात सापडतं, त्याला लाजू नका.

किंमत ठरते ती तो प्रकार किती कमी सापडतो, झीज किती आहे आणि घ्यायला कोण तयार आहे यावर. नुसतं जुनं असणं पुरेसं नाही. पुष्कळ सापडणाऱ्या सालाचा झिजलेला रुपया चांदीच्या भावाच्या आसपासच राहतो. उलट दुर्मीळ सालाचा रुपया ओळखला नाही, तर सराफाकडे तो वितळून जातो.

आणि जुनी नाणी विकून देतो म्हणून कुणी आधी फी किंवा कमिशन मागितलं, तर फोन ठेवा. आपल्या नावाने असे पैसे मागितले जातात आणि आपला अशा व्यवहारांशी संबंध नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच दिला आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परदेशात पाठवता येत नाही. शेतात पुरलेली नाणी सापडली तर तीही जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात.

निजामाबद्दल तुमच्या घरात काय बोललं जातं ते तुम्हाला माहीत आहे. पण तो रुपया आता निजामाचा राहिलेला नाही. अडीअडचणीला मोडायचा म्हणून तो आजीने पेटीत जपला, आणि तरी मोडला नाही. विकायच्या आधी एकदा तिलाच विचारा, तो आला कुठून.