दारू सोडायला दारुड्याचाच हात लागला! बिल विल्सनची गोष्ट

११ मे १९३५, शनिवारची संध्याकाळ. अमेरिकेतल्या अक्रन शहरातल्या मेफ्लॉवर हॉटेलात एक उंचापुरा माणूस येरझाऱ्या घालत होता. धंद्याचं काम फिसकटलेलं, खिशात जेमतेम दहा डॉलर, गाव परकं. एका बाजूला बार, आतून हसण्याखिदळण्याचा आवाज. दुसऱ्या बाजूला टेलिफोन. दारू सोडून त्याला पाच महिने झाले होते. एकच घोट घेतला तर काय होतंय, असा विचार मनात आला आणि तो घाबरला. पाय बारकडे वळायच्या आत तो टेलिफोनकडे गेला. आज जगभरात चालणाऱ्या 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' म्हणजेच ए.ए.च्या कामाचं मूळ त्या एका फोनमध्ये आहे.

त्या माणसाचं नाव बिल विल्सन. जन्म २६ नोव्हेंबर १८९५, व्हरमाँट राज्यातल्या ईस्ट डॉर्सेट या छोट्या गावातला. आई-वडील वेगळे झाले, आजी-आजोबांनी वाढवलं. पोरगा हुशार, जिद्दी, पण चारचौघांत बुजणारा. पहिल्या महायुद्धात सैन्यात अधिकारी असताना एका मेजवानीत पहिल्यांदा प्याला हातात आला. अंगातला बुजरेपणा क्षणात पळाला. इथंच घात झाला.

१९१८ मध्ये लोइसशी लग्न झालं. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात बिलनं चांगला पैसा कमावला, पण पिणंही वाढत गेलं. १९२९ ला बाजार कोसळला आणि होतं नव्हतं ते गेलं. लोइस दुकानात नोकरी करून घर चालवायची, नवरा घरात पडून प्यायचा. पुन्हा पिणार नाही, असं त्यानं घरच्या बायबलमध्ये तिला लिहून दिलं होतं. एकदा नाही, अनेकदा. प्रत्येक शपथ मोडली. शपथ घेताना तो खोटं बोलत नव्हता, पण दारू त्याच्या हातात राहिली नव्हती.

न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलात डॉ. सिल्कवर्थ यांनी त्याला समजावलं, की हा नुसता वाईट स्वभाव नाही, आजार आहे. पहिला घोट पोटात गेला की शरीर थांबत नाही, आणि मन पुन्हा त्याच घोटाकडे ओढतं. नोव्हेंबर १९३४ मध्ये एबी थॅचर नावाचा जुना दोस्त घरी आला. हाही पक्का पिणारा, पण त्या दिवशी समोर ठेवलेली दारू त्यानं घेतली नाही. डॉक्टर, बायको, नातेवाईक यांचं न ऐकणारा बिल या दोस्ताचं मात्र कान देऊन ऐकत बसला. ११ डिसेंबर १९३४ ला तो पुन्हा दवाखान्यात भरती झाला. त्यानंतर मरेपर्यंत त्यानं दारूला हात लावला नाही.

बरा झाल्यावर गडी जोशात आला. दिसेल त्या दारुड्याला देवाधर्माचे डोस पाजायला लागला. पाच महिन्यांत एकाचीही सुटली नाही. डॉ. सिल्कवर्थ यांनी सांगितलं, की प्रवचन बंद कर, आधी आजाराचं सांग. लोइसनंही एक गोष्ट लक्षात आणून दिली. बाकी कुणाची सुटली नसली तरी त्या खटपटीत बिलची स्वतःची सुटली होती.

म्हणूनच अक्रनमध्ये त्याला दुसरा दारुडा हवा होता. हॉटेलात लावलेल्या चर्चच्या यादीतून त्यानं एका पाद्र्याला फोन लावला. तिथून माणसं जोडत जोडत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी डॉ. बॉब स्मिथ आले. शल्यचिकित्सक, पण हात थरथरणारे. पंधरा मिनिटांत उठायचं ठरवून आलेले डॉक्टर रात्री अकरानंतर उठले. कारण बिलनं उपदेश केलाच नाही, स्वतःची फजिती सांगितली. मध्ये एकदा डॉक्टर घसरले. पण १० जून १९३५ नंतर ते प्यायले नाहीत. तोच ए.ए.चा स्थापना दिवस मानला जातो.

पुढं टाउन्स हॉस्पिटलनं बिलला पगारी नोकरी देऊ केली. घरात पैशाची चणचण, मन मोहात पडलं. पण सोबतच्या लोकांनी विरोध केला. पैसे घेऊन सांगायला लागलास तर तू आमच्यातला राहणार नाहीस, असा त्यांचा मुद्दा. बिलनं नोकरी नाकारली. १९३९ मध्ये बारा पायऱ्यांचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी राहतं घर बँकेनं घेतलं. पुढची दोन वर्षं नवरा-बायको मित्रांच्या घरी राहून दिवस काढत होते. १९५१ मध्ये लोइसनं पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी 'अल-अॅनॉन' उभं केलं. येल विद्यापीठाची मानद पदवीही बिलनं घेतली नाही. इथं कुणी मोठा नाही, हा नियम त्याला मोडायचा नव्हता.

तो संत नव्हता. पुढं कित्येक वर्षं त्याला नैराश्यानं छळलं. सिगारेट सुटली नाही, तिनंच फुप्फुसं खाल्ली. शेवटच्या आजारपणात त्यानं व्हिस्की मागितली होती, ती देण्यात आली नाही. छत्तीस वर्षांनंतरही ओढ दबा धरून बसली होती. २४ जानेवारी १९७१ रोजी, लग्नाच्या त्रेपन्नाव्या वाढदिवशी, त्याचं निधन झालं.

भारतात ए.ए.चं काम १९५७ मध्ये दिल्लीत सुरू झालं. आज महाराष्ट्रातही मराठीतून बैठका होतात. फी नाही, आडनाव नाही, जातपात नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. आयुष्यभराची शपथ कुणी मागत नाही, फक्त आजचा दिवस सांभाळायचा असतो. मात्र रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी अचानक बंद करू नये, जिवावर बेतू शकतं. बिलची सुरुवातही दवाखान्यातूनच झाली होती. आधी डॉक्टर गाठावा, मग बैठक. आणि मन डगमगलं, की गुत्त्याकडे जायच्या आधी आपल्यासारख्याच एकाला फोन लावावा.