सावित्रीबाई आणि यशवंत

सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. शिक्षिका म्हणून त्या सर्वांना परिचित आहेत. त्यांच्या घरात चालणारे दुसरे कार्य मात्र अनेकांना ठाऊक नसते.

त्या काळी ब्राह्मण विधवेला रूढीने पुनर्विवाह वर्ज्य होता. तिला दिवस गेले, तर पुरुष नामानिराळा राही आणि तिच्यापुढे आत्महत्या किंवा बालहत्या एवढेच मार्ग उरत. पुण्यातील अशाच एका विधवेला अर्भकाच्या हत्येबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तेव्हा १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावे, अशी पत्रके शहरात लावण्यात आली. मूल सोबत न्यावे की गृहात ठेवावे, हे आईच्याच इच्छेवर सोपविलेले होते. तिला कोणत्याही गोष्टीची निवड नाकारणाऱ्या समाजात ही मोकळीक केवढी मोठी होती! १८८४ पर्यंत तेथे पस्तीस स्त्रिया येऊन गेल्या. त्यांची शुश्रूषा सावित्रीबाई करीत.

१८७४ मध्ये काशीबाई नावाच्या विधवेला तेथे मुलगा झाला. निपुत्रिक फुले दांपत्याने त्याला दत्तक घेतले. तोच यशवंत. जोतीरावांनी १८८७ च्या मृत्युपत्रात त्याला वारस केले. तरीही १८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत दत्तकाने टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले.

पुढे यशवंत डॉक्टर झाले. १८९७ च्या प्लेगात त्यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना त्याच रोगाची लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.