राजा परांजपे
राजा परांजपे (जन्म : मिरज, २४ एप्रिल १९१०; मृत्यू : ९ फेब्रुवारी १९७९) हे मराठी चित्रपट दिग्दर्शक, अभिनेते व निर्माते होते. १९५० व १९६० च्या दशकांत मराठी सामाजिक व विनोदी चित्रपटाला त्यांनी सुसंस्कृत वळण दिले. मध्यमवर्गीय कुटुंब, त्यातील ताटातूट आणि वृद्ध पित्याचे एकाकीपण हे त्यांच्या दिग्दर्शनात व अभिनयात पुन्हापुन्हा येणारे विषय होत.

कारकिर्दीचा आरंभ
परांजपे यांनी कोल्हापूरच्या चित्रसृष्टीत भालजी पेंढारकर यांच्याकडे उमेदवारी केली. १९४८ च्या 'जिवाचा सखा'पासून ते दिग्दर्शक म्हणून पुढे आले. १९५० साली आलेल्या त्यांच्या 'पुढचं पाऊल'मध्ये पु. ल. देशपांडे व हंसा वाडकर यांच्या प्रमुख भूमिका होत्या. या काळात कवी व पटकथालेखक ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके यांच्याशी त्यांचे सूर जुळले. पुढे अनेक चित्रपटांतून दिसलेले हे त्रिकूट मराठी चित्रपटाच्या इतिहासात आजही एकत्रच आठवले जाते.

विनोदी चित्रपट
१९५२ हे वर्ष त्यांच्यासाठी विशेष यशाचे ठरले. 'लाखाची गोष्ट'मध्ये मुलीचे वडील गरीब कलावंताला एक लाख रुपये ठरावीक मुदतीत खर्च करण्याची अट घालतात. पैसा मिळवण्याइतकेच तो संपवणेही अवघड होऊ शकते, या कल्पनेवर त्यातील विनोद उभा आहे. या चित्रपटाने राजा गोसावी यांना नायक म्हणून लोकप्रिय केले. त्याच वर्षीच्या 'पेडगावचे शहाणे'मध्ये वेड आणि शहाणपण यांतील सीमारेषेवर मिस्कील भाष्य होते. त्याची हिंदी आवृत्ती 'चाचा चौधरी' (१९५३) परांजपे यांनीच दिग्दर्शित केली.

ऊन पाऊस
'ऊन पाऊस' (१९५४) हा त्यांच्या महत्त्वाच्या चित्रपटांपैकी एक मानला जातो. आयुष्यभर मुलांसाठी झिजलेले शिक्षक व त्यांची पत्नी यांना उतारवयात मुलांच्या सोयीसाठी एकमेकांपासून दूर राहावे लागते. आईवडिलांचीच वाटणी झाल्यावर घर उरते का, हा त्याचा मूळ प्रश्न आहे. शिक्षकाची भूमिका स्वतः परांजपे यांनी, तर पत्नीची सुमती गुप्ते यांनी केली. त्या वेळी परांजपे जेमतेम चव्वेचाळीस वर्षांचे होते. आकांत टाळून त्यांनी वृद्धाचा अवघडलेपणा आणि संकोच संयमाने उभा केला.

असेच कथाबीज लिओ मॅककॅरी यांच्या 'मेक वे फॉर टुमॉरो' (१९३७) या अमेरिकन चित्रपटात आणि पुढे 'बागबान' (२००३) या हिंदी चित्रपटातही आढळते.

पुढील कार्य
'जगाच्या पाठीवर' (१९६०) या चित्रपटात परांजपे यांनी साधाभोळा भटका मनुष्य रंगवला. सीमा यांनी अंध मुलीची भूमिका केली. 'हा माझा मार्ग एकला'मध्ये एकाकी प्रौढ आणि लहान मूल यांच्यातील जिव्हाळा केंद्रस्थानी होता. बालकलाकार सचिन यांनी याच चित्रपटातून पदार्पण केले. 'पाठलाग' (१९६४) हा मात्र वेगळ्या वळणाचा रहस्यपट होता. राज खोसला यांनी त्यावरून हिंदीत 'मेरा साया' (१९६६) काढला.

बिमल रॉय यांच्या 'बंदिनी' (१९६३) या हिंदी चित्रपटात परांजपे यांनी नायिका कल्याणीच्या वडिलांची भूमिका केली. लोकनिंदेमुळे मुलगी घर सोडते. तिच्या शोधात शहरात आलेले हे वृद्ध पोस्टमास्तर अपघातात मरण पावतात आणि बापलेकींची भेट होत नाही. भूमिका लहान असली, तरी कल्याणीच्या पुढील शोकांतिकेला या मृत्यूचा मोठा आधार आहे.

निवडक दिग्दर्शित चित्रपट
जिवाचा सखा (१९४८)
पुढचं पाऊल (१९५०)
लाखाची गोष्ट (१९५२)
पेडगावचे शहाणे (१९५२)
ऊन पाऊस (१९५४)
जगाच्या पाठीवर (१९६०)
सुवासिनी (१९६१)
आधी कळस मग पाया (१९६१)
पाठलाग (१९६४)
पडछाया (१९६५)