वाल्टर होमान : उपग्रहांची वाट आखणारा अभियंता

अमेरिकेत शिकागो शहराच्या वायव्येस शॉमबर्ग नावाचे उपनगर आहे. मोटोरोला या विख्यात कंपनीचे मुख्य कार्यालय १९७६ पासून बरीच वर्षे तेथे होते. या कंपनीने पाच अब्ज डॉलरच्या घरात जाणारी एक योजना उभी केली. पृथ्वीभोवती ७८० किलोमीटर उंचीवर ६६ उपग्रह फिरत ठेवायचे आणि भर समुद्रातून, वाळवंटातून, कोठूनही टेलिफोन करता यावा अशी सोय करायची. योजनेचे नाव इरिडियम. मे १९९७ मध्ये पहिले उपग्रह सुटले, नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू झाली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये दिवाळे वाजले. पुरेसे गिऱ्हाईकच मिळाले नाही. २००० साली बेत ठरला की हे सारे उपग्रह खाली उतरवून वातावरणात जाळून टाकावेत.

उपग्रह वर चढवायला काय पडते आणि उतरवायला काय लागते, हा हिशेब करण्याची जी रीत आज जगभर चालते, ती वाल्टर होमान या जर्मन गृहस्थांनी १९२५ साली छापली. तेव्हा आकाशात एकही कृत्रिम उपग्रह नव्हता. पहिला उडायला अजून ३२ वर्षे होती. आणि गंमत अशी की होमान हे ना ज्योतिषी, ना प्राध्यापक. ते नगरपालिकेच्या नोकरीतले स्थापत्य अभियंता होते.

त्यांचा जन्म १८ मार्च १८८० रोजी जर्मनीतील हार्डहाइम या गावी झाला. वडील डॉक्टर. वाल्टर लहान असताना कुटुंब दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथ येथे जाऊन राहिले आणि मुलाची काही वर्षे तेथे गेली. हे बंदर आपल्याच हिंदी महासागराच्या काठचे. आपल्या अंगणातून दिसणारा त्रिशंकू तेथूनही दिसतो. जर्मनीतून तो दिसत नाही.

पुढे मायदेशी परतून त्यांनी म्युनिकच्या तंत्रविद्यालयात स्थापत्याचे शिक्षण घेतले आणि १९०४ मध्ये ते अभियंता झाले. व्हिएन्ना, बर्लिन, हॅनोव्हर, ब्रेस्लाऊ अशा शहरांत नोकऱ्या करून १९१२ मध्ये ते एसेन शहराच्या सेवेत आले ते कायमचे. इमारतींचे व पुलांचे वजन कशावर तोलले जाते याची गणिते तपासणे, बांधकामाच्या मालाची परीक्षा करणे, हे त्यांचे रोजचे काम. पहिले महायुद्ध संपल्यावर आखेनच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली, तीही स्थापत्यातच.

मग अवकाशाचे वेड कोठून लागले? १९११-१२ च्या सुमारास खगोलशास्त्राचे एक पुस्तक त्यांच्या वाचनात आले आणि तेव्हापासून दिवसा सिमेंट आणि फावल्या वेळी ग्रह असा क्रम सुरू झाला. इंधन किती लागेल, वाट कोणती, परत कसे यायचे, हे ते कागदावर मांडत राहिले. हे सारे कोणी सांगितले म्हणून नव्हे, की पगार मिळतो म्हणूनही नव्हे. शंभर पानांचेही न भरणारे त्यांचे पुस्तक १९२५ मध्ये म्युनिकला प्रसिद्ध झाले. आकाशस्थ गोलांपर्यंत पोहोचता येईल का, हा त्याचा विषय.

आता त्यातले मर्म जरा सावकाश पाहू. शाळेत शिकलेले सूत्र असे की वस्तू वर उचलली की तिची स्थितिज ऊर्जा वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराइतकी वाढते. माडावर चढवलेल्या नारळासाठी हे ठीक आहे. उपग्रहासाठी नाही, कारण जसजसे वर जावे तसतशी पृथ्वीची ओढ कमी होते. म्हणून हिशेब दुकानदाराच्या उधारीच्या वहीसारखा ठेवतात. पृथ्वीपासून अनंत दूर असलेल्या वस्तूची उधारी शून्य. जवळ येईल तितकी उधारी जास्त. २०० किलोमीटर उंचीवर, म्हणजे साधारण रियुनियन आपल्यापासून जितके दूर तितक्या उंचीवर, दर किलोमागे सुमारे ६ कोटी ६ लक्ष जूल देणे असते. इरिडियमच्या ७८० किलोमीटरवर ते ५ कोटी ५७ लक्ष उरते. मधले अंतर ५८० किलोमीटर, जवळजवळ रॉद्रिगइतके. म्हणजे दर किलोमागे ४९ लक्ष जूल फेडावे लागले. शाळेच्या सूत्राने हेच ५७ लक्ष आले असते. इरिडियमचा एक उपग्रह सुमारे ६९० किलोचा. त्याची एकूण वाढ विजेच्या मीटरवर मोजली तर ९४० युनिटच्या आसपास भरते. एखाद्या घराला काही महिने पुरेल इतकी वीज, यापेक्षा जास्त नाही! अग्निबाण एवढा अवाढव्य लागतो तो मुख्यतः उंचीसाठी नव्हे, तर तो प्रचंड वेग मिळवण्यासाठी.

आणि वेगाचा प्रकार त्याहून चमत्कारिक. २०० किलोमीटरवरचा उपग्रह सेकंदाला ७.७८ किलोमीटर धावतो, ७८० वरचा ७.४६. म्हणजे वर गेलेला हळू चालतो. म्हणून फेडायच्या ४९ लक्षांपैकी निम्मे त्याच्या स्वतःच्या वेगातून निघतात आणि उरलेले साडेचोवीस लक्ष इंधनाने द्यायचे.

होमान यांनी वाट दाखवली ती येथे. खालच्या वर्तुळाला एका टोकाला आणि वरच्या वर्तुळाला दुसऱ्या टोकाला नुसती स्पर्श करणारी लंबवर्तुळाकार कक्षा घ्यायची. पहिल्या टोकाला चालत्या दिशेनेच एक धक्का द्यायचा, मग इंजिन बंद करून निवांत तरंगत जायचे, वर पोहोचल्यावर दुसरा धक्का. आपल्या उदाहरणात प्रत्येक धक्का सेकंदाला सुमारे १६० मीटरचा आणि वाटेत लागतात ४७ मिनिटे. दोन्ही धक्के पुढच्या दिशेचे, तरीही उपग्रह शेवटी ३२० मीटरने हळू झालेला असतो. मधल्या चढणीने त्याचा वेग खाल्ला. धक्का दिशा वळवण्यात वाया जात नाही, सगळाच्या सगळा वेग वाढवण्याच्या कामी येतो, म्हणून इंधन कमी लागते. होमान यांनी ही गणिते सूर्याभोवतीच्या ग्रहांसाठी केली होती. पृथ्वीभोवतीच्या उपग्रहाला ती तशीच लागू पडतात. परतीच्या प्रवासात वेग मोडण्यासाठी इंधन न जाळता वातावरणाचाच उपयोग करावा, हेही त्यांनी लिहून ठेवले होते. ग्रहावर उतरण्यासाठी मुख्य यानापासून सुटणारे छोटे यान वापरावे, ही कल्पनाही त्या पुस्तकात आहे.

१९२७ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन अवकाशप्रवास मंडळात ते प्रमुखपणे वावरले. १९२८ मध्ये विली ले यांनी काढलेल्या लेखसंग्रहात ग्रहप्रवासाच्या वाटा आणि वेळापत्रके यांवर त्यांनी लेख लिहिला. परंतु १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि अग्निबाणाकडे शस्त्र म्हणून पाहिले जाऊ लागले. त्यांच्या बरोबरीचे काहीजण सैन्याच्या पैशावर पुढे गेले, नावारूपाला आले. होमान मात्र बाजूला झाले. बॉम्ब वाहणारे अग्निबाण बनवण्यात त्यांना रस नव्हता. ज्या विषयाला वीस वर्षे दिली तो हातचा सोडून देणे सोपे नसते, आणि आमच्या मते त्यांच्या चरित्रातली ही गोष्ट त्या गणिताहून कमी मोलाची नाही.

युद्धाने त्यांना तरीही गाठलेच. एसेन हे पोलादाचे आणि तोफांचे शहर, त्यामुळे त्यावर वारंवार बॉम्बहल्ले झाले. ११ मार्च १९४५ रोजी हजाराहून अधिक ब्रिटिश विमानांनी शहर भाजून काढले. त्याच दिवशी, सततच्या हल्ल्यांच्या ताणाने खचलेले होमान वारले. पासष्टावा वाढदिवस एका आठवड्यावर होता.

१९५७ मध्ये स्पुटनिक उडाला. १९६० मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेने त्यांच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर काढले. चंद्रावरच्या एका विवराला त्यांचे नाव आहे, एसेनमध्ये त्यांच्या नावाची वेधशाळा आहे. भारताचे मंगळयान डिसेंबर २०१३ मध्ये पृथ्वी सोडून सप्टेंबर २०१४ मध्ये मंगळापाशी पोहोचले, तेही मूलतः याच रीतीच्या वाटेने. भारतीय अवकाश संस्थेचे उपग्रहांवर नजर ठेवणारे एक केंद्र मॉरिशसमध्येच आहे, हे वाचकांना ठाऊक असेलच.

राहता राहिले शॉमबर्गचे उपग्रह. उतरवायला होमान यांचा दुसरा धक्का फक्त उलटा द्यायचा असतो; कक्षेचे एक टोक हवेच्या थरात शिरले की पुढचे काम हवाच करते. पण डिसेंबर २००० मध्ये एका नव्या कंपनीने सुमारे अडीच कोटी डॉलरला सारा संच विकत घेतला आणि तो बेत बारगळला. ते उपग्रह आणखी कित्येक वर्षे राबले. २००९ मध्ये त्यांतला एक सैबेरियावर बंद पडलेल्या रशियन उपग्रहाला धडकून फुटला. २०१७ ते २०१९ या काळात नवे उपग्रह वर गेले, तेव्हा चालत्या स्थितीतले जुने एकामागून एक उतरवायला सुरुवात झाली. जे आधीच मुके झाले होते, त्यांना उतरण्याचा हुकूम पोहोचत नाही. ते अजून वरच फिरत आहेत.